खच्ची म्हणून अंडील गळ्यात मारला

आरेतल्या पाड्यात आमच्या दहा शेळ्या, त्यातल्या तीन पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या कोवळ्या शेळ्या. पुढच्या बकरी ईदसाठी खच्ची, म्हणजे नस दाबून नपुंसक केलेला, बोकड घेतला तर शेळ्यांतच सोडता येईल, या हिशोबाने देवनारला मंडईबाहेर एका दलालाकडून 19,500 ला घेतला. तसाच अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, तो 16,000 ला देत होता. म्हणजे वरचे 3,500 नुसत्या ‘खच्ची’ या शब्दाचे! टेम्पोचे 1,400 वेगळे.

तिथेच कळायला हवं होतं. माझ्यासमोर बोकड स्वतःच्या दाढीवर मुतला आणि वरचा ओठ उलटा करून उभा राहिला, अंडील माजावर आला की करतो तसा. दलाल म्हणाला, “प्रवासाचा वास आहे शेठ, आंघोळ घाला.” आणि मी घातली, लाइफबॉय लावून, दोनदा! दलालाने मुठीत अंडांची पिशवी धरून एकच बाजू चाचपू दिली. ती सुकलेली होती. दुसरी त्याच्या तळव्यात. चिमट्याने खच्ची करताना दोन्ही बाजूंची नस वेगवेगळी दाबावी लागते, हे मला माहीत आहे. पण मागे दहा गिऱ्हाइकं उभी, कोण हात घालत बसणार? तुम्ही घाला. लाज वाटली तरी घाला.

पाच महिन्यांची पाठ या बोकडाकडून गाभण राहिली. तिचं स्वतःचं अंग अजून भरलं नव्हतं. दीडशे दिवसांनी करडू अडकलं, डॉक्टरांचे 2,800 गेले, पाठही गेली, करडूही. नवीन जनावर आधी वेगळं बांधा. चिमटा खरंच बसला असला तरी काही आठवडे धोका असतोच.

पाठीची किंमत सोडून 23,700 गेले. चौकीत गेलो तर हवालदार म्हणतो, “नर सांगितला, नरच दिला ना? मग तक्रार कसली?” बाकीचे हसले. न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मोबाइलवर दाखवलं, तर म्हणे व्यवहार जिथे झाला तिथे जा. तिथे गेलो तर पावती मागितली. मंडईबाहेर पावती कोण देतं? हे तुम्हाला माहीत नाही, साहेब? मंडईच्या ऑफिसात म्हणाले, गेटबाहेरचं आमच्याकडे येत नाही. डॉक्टरांचा लेखी दाखला घेऊन पुन्हा गेलो तर साहेब राउंडला. तीन खाडे झाले माझे. सौदा करताना ‘खच्ची’ हा शब्द व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, पैसे यूपीआयने द्या. मी रोख दिले, पन्नास रुपये सुटे नव्हते तेही सोडले.

दलालाचा फोन बंद. बोकड गोठ्यामागे एकटा बांधलाय आणि वाऱ्यावर वास आला की आमची ही नाकाला पदर लावून माझ्याकडे बघते.