दाते पंचांग, शके १९४७ : वर्षभराच्या वापरानंतर

सोलापूरहून प्रसिद्ध होणारे दाते पंचांग आमच्या देवघराच्या कोनाड्यात माझ्या लहानपणापासून आहे. आजी हयात असताना ते बहुधा संकष्टीच्या चंद्रोदयासाठी उघडले जाई. शके १९४७ चे पंचांग मात्र मी पाडव्यापासून थोड्या वेगळ्या रीतीने वापरले. त्यातील जे डोळ्यांनी पडताळता येईल ते पडताळायचे, आणि जे पडताळता येत नाही ते कशाच्या आधारावर सांगितले आहे याचा शोध घ्यायचा, असे ठरवले होते. मी नित्य पूजा करतो आणि गणितही शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ चर्चेचा नाही.

पहिली मोठी संधी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाली. खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श, म्हणजे आरंभ, रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी आणि संमीलन, म्हणजे बिंब पूर्ण झाकले जाणे, ११ वाजता, असे पंचांगात दिले होते. ढगांच्या फटींतून का होईना, पण चंद्राची कड काळवंडू लागलेली त्याच सुमारास दिसली आणि अकराच्या आसपास संपूर्ण बिंब तांबूस झाले. त्या रात्री आईने ग्रहणाचे नियम पाळले आणि मी गच्चीवर होतो. दोघांचेही घड्याळ एकाच पानावरून लावलेले होते.

ही अचूकता आपोआप आलेली नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला, तेव्हा त्यांनी जुन्या ग्रंथांच्या गणिताला प्रत्यक्ष वेधांच्या, म्हणजे आकाशनिरीक्षणांच्या, आधारे दुरुस्त्या सुचवल्या. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः वेध घेणारे ज्योतिषी होते. पुढे शतकानुशतके तेच गणित जसेच्या तसे वापरले गेल्याने त्यात चूक साचत गेली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या साहाय्याने शुद्ध पंचांग काढले आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाची बाजू लावून धरली. आकाशात दिसते त्याच्याशी जुळणारे गणित, म्हणजे दृक्‌गणित, त्या वेळी अनेकांना धर्मबुडवे वाटले. मला ते श्रद्धेच्याच पोटातून आलेले वाटते, कारण व्रत योग्य वेळी व्हावे ही ज्याला तळमळ आहे, त्यालाच तिथीची वेळ चुकल्याचे दुःख होते.

दुसरा प्रसंग दिवाळीचा. अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी लागली आणि २१ तारखेला सायंकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी, म्हणजे मुंबई-पुण्यातील सूर्यास्तापूर्वी, संपली. देशात अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन २० तारखेला झाले. या पंचांगाने धर्मशास्त्रीय वचनांच्या आधारे २१ तारीख दिली. येथे गणिताविषयी वाद नव्हता, वाद होता तो वचनांच्या अर्थाविषयी. पंचांगकर्त्यांनी नुसती तारीख न देता निर्णयामागील युक्तिवादही मांडला, हा मला या पंचांगाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. वचनांचे प्रामाण्य ज्याला मान्य नाही त्याला हा युक्तिवाद पटणार नाही, हे उघड आहे. तरी तो क्रमाने तपासता येतो आणि खोडताही येतो.

राशिफळाच्या पानांविषयी असे म्हणता येत नाही, आणि ही तक्रार कोणत्याही एका पंचांगाविरुद्ध नसून बाजारातील जवळजवळ सर्वच पंचांगांविरुद्ध आहे. चंद्र ९ वाजून ५७ मिनिटांनी ग्रासला जाईल हे विधान आणि अमुक राशीला ग्रहण अनिष्ट आहे हे विधान, दोन्ही एकाच निश्चयाच्या भाषेत छापली जातात. पहिले खोटे ठरले असते तर त्याच रात्री कळले असते. दुसरे खोटे कसे ठरेल याची कसोटीच कोठे दिलेली नसते. गणिताने कमावलेला विश्वास फळाच्या पानाला उसना मिळतो, आणि त्यामुळे घाबरलेली माणसे मी माझ्याच नात्यात पाहिली आहेत. गणित, शास्त्रार्थ आणि फलित हे तीन भाग स्वतंत्र शीर्षकांखाली, प्रत्येकाचा आधार सांगून छापले, तर श्रद्धाळू वाचकाचा काहीही तोटा होणार नाही.

शके १९४८ चे पंचांगही मी घेतले आहे. त्यात १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत, म्हणजे पुढच्या राशीत प्रवेश, होत नाही तो अधिक, एवढा साधा नियम त्यामागे आहे. पण राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा धरला की महिनाही बदलू शकतो, आणि म्हणूनच २०२३ मध्ये टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी, २० ऑगस्टला बसले होते. यंदा आईला संक्रांतींच्या वेळा वहीत लिहून हा अधिक मास मी स्वतः काढून दाखवणार आहे; तिने तशी इच्छा व्यक्त केली आहे.