कोरफडीची करार शेती: माझे 1,25,300 रुपये कसे गेले

‘पाणी कमी, रोग नाही, जनावर तोंड लावत नाही, माल बांधावरून कंपनी उचलणार.’ ही टेप तुम्ही कुठे ना कुठे ऐकलीच असेल. कुणाकडे ती सफेद मुसळीच्या नावाने वाजली, कुणाकडे चंदनाच्या. आमच्या दुष्काळी तालुक्यात कोरफडीच्या नावाने वाजली. पद्धत सगळ्यांना माहीत आहे: रोपं कंपनीकडूनच विकत घ्यायची आणि पानं कराराच्या भावाने कंपनीच घेणार. त्यामुळे आधी हिशेब देतो.

एका एकराला 10,000 रोपं, दर 6.50 रुपये, म्हणजे 65,000. ‘तांत्रिक मार्गदर्शन’ 12,000. नोंदणी 5,100. कंपनीच्या खात्यात गेले 82,100. ठिबकला 38,400 आणि तोडणीच्या मजुरीचे 4,800 वेगळे. परत काय आलं ते पुढे सांगतो, तेही ऐकण्यासारखं आहे.

आता कंपनीने भरवलेला तो मेळावा. मंगल कार्यालय, स्टेजवर फुलं, शाल-नारळ, पहिल्या रांगेत कारखान्याचे माजी संचालक. कंपनीच्या माणसाने सगळ्यांसमोर एक जाड पान चिरलं. कापल्या जागेवरून पिवळा चीक ओघळून स्टीलच्या ताटात साचला. त्याने तो पुसलाही नाही. त्याच सुरीने वरची साल उचकटली, पिवळे ओघळ लागलेला गर चमच्याने खरवडला आणि पुढच्या रांगांना खाऊ घातला. कुणीतरी तोंड वाकडं केलं तर म्हणाला, “कडू आहे तेच औषध. शरीर साफ होतं.”

तिथेच उठायला हवं होतं. आमची आजी पान कापलं की कापलेली बाजू खाली करून वाटीत उभं ठेवायची. पिवळा चीक पूर्ण निथळला की मग काटेरी कडा काढायच्या, साल सोलायची, गर दोन पाण्यांनी धुवायचा. भाजल्यावर लावायचा तो हा पांढरा गर. आणि तो चीक आटवून वाळवला की काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो काळा बोळ, म्हणजे एळिया. जुलाबाचं जहाल औषध, पोटात कळा आणणारं, पोटुशीला तर सक्त मनाई. हे आमच्या घरातल्या पोरींनाही माहीत. ‘रसाचा कारखाना चालवतो’ म्हणणाऱ्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निम्म्या मेळाव्याच्या हातात टमरेल होतं, आणि लोक एकमेकांना फोन करून सांगत होते, ‘गुण आला बरं का!’

मी खुळा नाही. बी.एस्सी. झालोय, करार दोनदा वाचला. पण स्टँप पेपर होता, शिक्का होता, औषधी वनस्पतींच्या सरकारी अनुदानाची भाषा होती, आणि माझ्या आधी गावातल्या सोसायटीच्या चेअरमननेच दोन एकर लावले होते. अशा वेळी चमच्यावरच्या पिवळ्या ओघळाकडे बघून कोण उठतं?

बायको मात्र म्हणाली होती, “हौदाकडेला इतकी माजलीय, तिचीच पिल्लं का नाही लावत?” एका झाडाला बुडातून दरवर्षी पिल्लं फुटतात, फुकट. मी कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, “ती गावरान, आमची जात वेगळी.” आज दोन्ही शेजारी लावलेली आहेत. कुणी वेगळी ओळखून दाखवावी.

मेळाव्यातल्या स्लाइडवर भाव दाखवला होता दक्षिण आफ्रिकेतल्या केप एलोचा. ती वनस्पतीच निराळी, अ‍ॅलो फेरॉक्स. तिकडे रानातली पानं तोडतात, खड्ड्याभोवती गोल रचून चीक निथळू देतात आणि उकळून घट्ट करतात. तो वाळलेल्या चिकाचा भाव. आमचा करार होता ओल्या पानाचा, 6 रुपये किलो. ओल्या पानातल्या गरात 98-99 टक्के पाणी. शिवाय तोडलेलं पान काही तासांत प्रक्रियेला गेलं नाही तर बिघडायला लागतं. म्हणजे विचारायचा प्रश्न एकच: गर काढायचं मशीन माझ्या शेतापासून किती लांब? राजस्थानात पिपलांत्रीच्या बायका कोरफडीवर कमावतात, कारण रस आणि जेल गावातच निघतो. आमचा ‘प्लँट’ होता तीनशे किलोमीटरवर. पाणी तीनशे किलोमीटर वाहून नेणारा धंदा कुणाला परवडतो?

सुपरवायझरचा फोन आला, “उद्या गाडी येतेय, तोडून ठेवा.” साडेतीन टन तोडलं. गाडी आली नाही. बांधावर पानं आधी मऊ पडली, मग तपकिरी, मग वास. बाजार समितीत याला ना आडत ना बोली. गावात फिरून ज्यूसवाल्याला आणि पार्लरवालीला मिळून 2,300 रुपयांची पानं विकली. बाकी उकिरड्यात.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, “धंद्यात खोट आली, ती फसवणूक कशी?” साहेब म्हणाले, दिवाणी बाब, वकील बघा. पुन्हा गेलो तर म्हणे कंपनीचा पत्ता आमच्या हद्दीत नाही. अहो, हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा झिरो एफआयआर कशासाठी आहे मग? फसवणुकीचं जुनं कलम 420, आता भारतीय न्याय संहितेचं 318, तेही मीच सांगायचं! तालुक्याच्या कृषी कार्यालयात उत्तर मिळालं की करार खासगी, आमचा संबंध नाही. त्याच कार्यालयातला माणूस मेळाव्यात स्टेजवर फेटा बांधून बसला होता, फोटो माझ्याकडे आहे. फोटो दाखवला तर म्हणाला, “मी वैयक्तिक आलो होतो.” कराराची सरकारदरबारी नोंद नाही म्हणून तक्रार चालत नाही, असं वरच्या ऑफिसात ऐकवलं. नोंद न करता कंपनी तालुकाभर मेळावे घेत होती तेव्हा हे ऑफिस कुठे होतं? पोच मागितली तर शिक्क्याची शाई संपलेली. माझ्या 82,100 च्या पावतीवर मात्र शिक्का ठळक उठलाय.

आणि परतफेड? ‘तडजोड’ म्हणून दोन खोकी ज्यूस. एमआरपी 450 ची बाटली, लेबलवर ‘संपूर्ण पानाचा अर्क’, शुगर-बीपी-कॅन्सरवर गुणकारी, आणि 14 आकडी फूड लायसन्स नंबर कुठेच नाही. ‘संपूर्ण पान’ म्हणजे सालीखालचा तो चीकही आत. असा न गाळलेला अर्क जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगाच्या संभाव्य कारणांच्या यादीत टाकलाय, आणि हे कॅन्सर बरा करणार! शेजारच्या वहिनी सुनेसाठी एक बाटली मागायला आल्या. सून पाच महिन्यांची गरोदर. बाटल्या त्याच दिवशी मोरीत ओतल्या.

करारात ‘कंपनीच्या निकषांत बसणारा माल’ असे शब्द दिसले तर सही करू नका, निकष लिहून मागा. रोपं विकणारा आणि माल घेणारा एकच असेल तर त्याची कमाई रोपांवर झालेली असते. पावतीवर ‘रोप विक्री’ लिहून घेऊ नका, पोलिसांनी माझी तक्रार त्याच शब्दावर उडवली: “रोपं मिळाली ना?”

आमच्या भागात आता तीच माणसं दुसऱ्या नावाने, दुसरं पीक घेऊन फिरताहेत. ज्यांच्याकडे कोरफडीची जुनी पावती आहे त्यांनी ती लॅमिनेट करू नका, मूळ प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा. तक्रार एकेकट्याने देऊ नका. आम्ही सतरा जण आता थेट जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत एकत्र अर्ज देतोय, आणि पोच घेतल्याशिवाय जागचे हलणार नाही.