ठाणे स्थानक: नऊ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचा अनुभव

गेले नऊ महिने मी आठवड्यातले चार दिवस ठाण्याहून घणसोलीला आणि एक दिवस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जातो. पश्चिमेला बसमधून उतरायचे, सगळे फलाट ओलांडायचे आणि पूर्वेकडच्या टोकाची ट्रान्स-हार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी गाडी गाठायची, असा क्रम असल्यामुळे हे स्थानक मी रोज आडवे चालून पार करतो.

पश्चिमेच्या सॅटिसवरून, म्हणजे बसच्या उंच पुलावरून, थेट पादचारी पुलावर येता येते, त्यामुळे खालच्या रिक्षांच्या गर्दीत शिरावे लागत नाही. पूल निवडताना मात्र विचार करावा. सुरुवातीचे काही आठवडे मी सर्वांत जवळच्या पुलाने जात असे आणि नेमकी त्याच वेळी आलेल्या गाडीची गर्दी समोरून अंगावर येई. आता थोडे लांबचे पडले तरी मी कमी गर्दीच्या पुलाने जातो आणि तेवढ्याच वेळात पोहोचतो.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना फलाटांचे आकडे वाढत जातात आणि मला या स्थानकाचा इतिहास आठवत जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला आली, तेव्हा लोहमार्ग इथेच संपत होता. १ मे १८५४ रोजी तो खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला, आणि ज्या ठाण्याला गाडी थांबून परतत होती तिथून ती पुढे जाऊ लागली. १९१६ मध्ये कल्याणच्या वाटेवरचा पारसिकचा बोगदा तयार झाला, तर नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू होऊन या स्थानकातून नवी मुंबईकडे जाणारी वेगळी वाट फुटली. पुलावरून चालताना हा सगळा क्रम मला पायांखाली जाणवतो आणि खरे सांगायचे तर रोजच्या दगदगीतही त्याचा आनंद होतो.

जलद गाड्यांसाठी पाच आणि सहा क्रमांकाचे फलाट वापरावे लागतात. स्थानकातली सर्वाधिक दाटी इथेच असते. मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाचव्या फलाटाची रुंदी दोन ते तीन मीटरने वाढवण्यात आली. रुळांना हात लावून, गाड्या थांबवून केलेल्या त्या कामाचे मोल गाडीतून उतरलेले लोक आणि चढणारे लोक एकमेकांना ओलांडताना कळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाल्यावर मेल-एक्स्प्रेसना स्वतंत्र वाट मिळाली, हा बदलही कल्याणकडच्या प्रवाशांसाठी मोठा होता.

माझ्या दृष्टीने सर्वांत सोयीची सेवा ट्रान्स-हार्बरची आहे. नऊ आणि दहा क्रमांकाच्या फलाटांवरून गाड्या सुटतात आणि त्या ठाण्यातूनच निघत असल्याने थोडे आधी पोहोचल्यास बसायला जागा मिळते. नव्या प्रवाशाने इंडिकेटरवरचे शेवटचे स्थानक नीट वाचावे, कारण तुर्भ्यानंतर एक फाटा सानपाडामार्गे वाशीला आणि दुसरा जुईनगरमार्गे नेरूळकडे जातो. ऐरोली, रबाळे, घणसोली किंवा कोपरखैरण्याला जायचे असेल तर कोणतीही गाडी चालते. जानेवारी २०२४ पासून दिघा गावचे स्थानकही याच मार्गावर आहे.

तिकीट खिडकीवर मी फारसा जात नाही. तीन महिन्यांचा पास एकदा काढला की रोजची रांग सुटते, आणि अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोबाइलवरचे तिकीट पुरते. गाडी बदलायची असल्यास दोन गाड्यांमध्ये किमान दहा मिनिटे ठेवावीत, असा माझा सल्ला आहे. ज्येष्ठ सोबत असतील तर पंधरा ठेवावीत, लिफ्ट कोणत्या पुलाला आहे ते आधी पाहून ठेवावे, आणि संध्याकाळी परतताना जलद गाडीतून उतरल्यावर पहिला लोंढा जिन्यावरून वर जाईपर्यंत फलाटावरच बाजूला थांबावे.