सात महिने, बारा जण, एक टेक्स्ट फाइल: गिटचा अनुभव

आम्ही बारा जण मिळून अहिराणी, मालवणी आणि वऱ्हाडी शब्द गोळा करतोय. फाइल साधी टेक्स्ट, एका ओळीत एक नोंद: शब्द, अर्थ, बोली, कुठे ऐकला. आज साडेचार हजारांच्या आसपास ओळी आहेत. प्रोग्रामिंगशी संबंध असलेले आमच्यात दोघंच, त्यातली एक मी.

आधी ही फाइल आपोआप सिंक होणाऱ्या एका फोल्डरमध्ये होती. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केली की शेजारी दुसरी प्रत उगवायची. एकदा नऊ प्रती मोजल्या. मग व्हॉट्सॲपवर पद्धत पडली, 'फाइल घेतलीये, हात लावू नका'. हा तसा जुनाच उपाय. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी १९८२ सालची आरसीएस ही प्रणालीही कुलूप लावूनच चालायची. आणि कुलपाचं दुखणंही तेच जुनं. आमच्या एका काकांनी शनिवारी संध्याकाळी फाइल घेतली आणि नंदुरबारला लग्नाला गेले. सोमवारपर्यंत अकरा जण हातावर हात ठेवून.

म्हणून गिट: फाइलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं आणि अनेकांचे बदल जुळवणारं साधन. लिनस टॉरवाल्ड्सनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी केलेलं हे साधन आम्ही आजीच्या तोंडच्या शब्दांना लावलं. इथे कुलूप नाही. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत, प्रत्येकाने हवं तेव्हा लिहावं, आणि जुळवायची वेळ आली की गिट ओळी ताडून बघतं. वेगवेगळ्या जागच्या ओळी बदलल्या असतील तर मुकाट्याने जोडतं. एकच ओळ दोघांनी बदलली असेल तर थांबतं आणि दोन्ही रूपं समोर ठेवतं. यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

पहिल्या महिन्यात ते सतत थांबायचं. कारण साधं होतं: सगळे जण नवा शब्द फाइलच्या शेवटी लिहायचे, म्हणजे दर वेळी भांडण त्याच जागी. वैतागून मी युनियन मर्ज चालू केलं. त्यात गिट न विचारता दोन्हीकडच्या ओळी ठेवून देतं. तीन आठवडे स्वर्ग! मग 'झील' तीनदा सापडला, तिन्ही अर्थ थोडे थोडे वेगळे. कुणीतरी अर्थ दुरुस्त केला होता, पण दुसऱ्यानेही तीच ओळ बदलल्यामुळे दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती. ते निस्तरायला दोन रविवार गेले. युनियन त्याच रात्री बंद केलं.

खरा उपाय फाइलच्या मांडणीत निघाला. ओळी अकारविल्हे लावल्या, त्यामुळे नवे शब्द आपोआप विखुरले आणि कॉन्फ्लिक्ट महिन्याला चार-पाचांवर आले. त्यातही एक ठेच लागलीच. युनिकोडच्या (संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या) क्रमात 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. माझ्या मशीनवर एक क्रम, धुळ्याच्या ताईंच्या मशीनवर दुसरा. त्यांनी फाइल नव्याने लावून पाठवली आणि शेकडो ओळी 'बदललेल्या' दिसू लागल्या. आता ओळी लावणारी एकच स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) सगळ्यांना दिलीये, क्रम युनिकोडचा. शब्दकोश छापायची वेळ येईल तेव्हा 'ळ'चं बघू.

सगळ्यात छळलं ते 'ॲ'ने. हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येतं, किंवा 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना सारखंच, गिटला वेगळं. कॉन्फ्लिक्ट उघडला तर वर आणि खाली हुबेहूब तीच ओळ! पहिल्यांदा मला वाटलं माझा चष्मा बदलायला झालाय. आता कमिटच्या (बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या) आधी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हूक, दोन्हींचं एक करते. फक्त ही हूक क्लोनबरोबर (गिटमधून उतरवून घेतलेल्या प्रतीबरोबर) येत नाही, ती प्रत्येकाच्या मशीनवर बसवावी लागते. नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात हमखास विसरतो.

मधे एकदा ईथरपॅडही वापरून पाहिलं. तिथे सगळे एकाच पानावर एकदम टाइप करतात, प्रत्येकाचा रंग वेगळा, कॉन्फ्लिक्ट नावालाही नाही. शब्द आठवायच्या बैठकीला मजा आली. पण दोघांनी एकाच क्षणी 'हिरवा' दुरुस्त केला, एकाला 'हिरवं' हवं होतं, दुसरीला 'हिरवट'. उरलं 'हिरवंट'. दोघांचीही अक्षरं शाबूत, शब्द कुणाचाच नाही. बैठकीसाठी आम्ही ते अजून ठेवलंय, मूळ फाइल मात्र तिथे नेणार नाही.

कारण गिटचं ते थांबणंच मला आता हवंसं वाटतं. एका शब्दाच्या अर्थावरून साक्रीच्या आणि चाळीसगावच्या दोघांचा कॉन्फ्लिक्ट दोन दिवस उघडा होता. फोन केला तेव्हा कळलं, दोघंही बरोबर. गावागणिक अर्थ वेगळा. आता त्या शब्दाच्या दोन नोंदी आहेत, गावांच्या नावांसकट. गुपचूप जोडून टाकणाऱ्या साधनात यातला एक अर्थ गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

तक्रारी आहेतच. फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर गिट ते उलट्या तिरक्या रेघा आणि आकड्यांत दाखवतं. कोटपाथ नावाचं सेटिंग बंद केलं की सुधारतं, पण हे आधी कोण सांगणार? कॉन्फ्लिक्टच्या जागी येणारी बाणांची ती सात-सात चिन्हं पाहून दोघी जणी घाबरल्या. एकीने ती तशीच कमिट केली. बारापैकी पाच जण स्वतः पुश करतात, म्हणजे आपले बदल सगळ्यांच्या सामायिक प्रतीत चढवतात. बाकीचे शब्द व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि आम्ही ते चढवतो. पाचांपैकी एकालाही कॉन्फ्लिक्ट सोडवायचा नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

नंदुरबारवाले काका गेल्या महिन्यात पुश करायला शिकले. कमिटच्या संदेशात अजून लिहितात, 'फाइल घेतली होती, परत ठेवली.'