‘क्वेक’ची सीडी हार्ड डिस्कवर: फोल्डर, इमेज की नवं इंजिन?

जुन्या गेमची सीडी आहे, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, आणि मित्राकडून दोन दिवसांसाठी यूएसबी ड्राइव्ह मागून आणलाय. तेवढ्यात सीडीवरचं नेमकं काय उतरवून ठेवायचं? उदाहरणाला 1996चा ‘क्वेक’ हा गोळीबाराचा गेम घेतो. माझा जीव त्याच्यात अडकलेला आहे, आणि फोल्डर कॉपी करणं कुठे फसतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

क्वेकचा खरा माल दोन पॅक फाइलींत असतो. एक साधारण 18 एमबीची, दुसरी 34 एमबीची. मग सीडीवर बाकी काय? संगीत. पहिला ट्रॅक डेटाचा, आणि 2 ते 11 हे संगीतकार ट्रेंट रेझ्नरचे दहा ट्रॅक, गाण्यांच्या सीडीवर असतात अगदी तसेच. अमुक ट्रॅक वाजव, असं गेम थेट ड्राइव्हला सांगतो. (गेममध्ये बंदुकीसाठी मिळणाऱ्या खिळ्यांच्या पेटीवर रेझ्नरच्या ‘नाइन इंच नेल्स’ या बँडचं बोधचिन्हही आहे, नीट बघा.)

फोल्डर कॉपी करणं सगळ्यात सोपं, आणि मीही पहिल्यांदा तेच केलं. गेम सुरू झाला, खूश झालो. थोडा पुढे गेलो तेव्हा जाणवलं की गुरगुरणं आहे, पावलं आहेत, पण मागे धुमसत राहणारी ती घरघर नाही. विंडोज हे ऑडिओ ट्रॅक ‘सीडीए’ फाइली म्हणून दाखवतं. एकेक फाइल फक्त 44 बाइटची! ती नुसती खूण असते, आवाज सीडीवरच राहतो. सगळं आलं असं समजून मी सीडी खोक्यात टाकून दिली होती. काही वर्षांनी काढली तर छापील बाजूवर लांब ओरखडा. डेटाचा थर त्याच बाजूला, छपाईच्या लगेच खाली असतो. शेवटचे ट्रॅक गेले ते गेलेच.

म्हणून माझं ठाम मत: आधी इमेज, म्हणजे सीडीची फाइलीत घेतलेली प्रत. पण आयएसओ प्रकारची नको. विंडोज 8पासून आयएसओ डबल क्लिकने उघडते, त्यामुळे तीच बनवण्याचा मोह होतो. तिच्यात फक्त डेटा मावतो, म्हणजे पुन्हा संगीत नाही. बिन-क्यू जोडी बनवा. इमबर्न हे मोफत सॉफ्टवेअर ऑडिओ ट्रॅक दिसले की तीच जोडी बनवतं. बिनमध्ये सगळी सीडी, मिनिटाच्या संगीताला साधारण 10 एमबी. क्यू ही छोटी मजकूर फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्या सुरुवातीलाच बिनचं नाव असतं. बिनचं नाव बदललंत तर तिथेही बदला, नाहीतर काहीच चालणार नाही. जुने डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये क्यू फाइल सीडी म्हणून जोडली की डॉसचा क्वेक संगीतासकट चालतो.

रोज खेळायला मात्र मी क्वेकस्पाझम हे नवं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, वापरतो. क्वेकचा सोर्स कोड 1999मध्ये खुला झाला, त्यातूनच अशी नवी इंजिनं निघाली. दोन पॅक फाइली द्यायच्या, संगीताचे ट्रॅक ओजीजी या प्रकारच्या ऑडिओ फाइली करून ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये ठेवायचे. रुंद पडद्यावर सुरेख पळतो. मूळचा खडबडीत, ठोकळेबाज पिक्सेलांचा चेहरा हवा असेल तर डॉसबॉक्सच बरा.

फोल्डर पुरतो तो ज्या गेमचं सगळं काही साध्या फाइलींत आहे तिथे. स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारे बरेच साहसी गेम असेच. सीडी एक्सप्लोररमध्ये उघडा. ‘सीडीए’ दिसत नसतील तर बिनधास्त कॉपी करा.

नव्वदीच्या अखेरीनंतरच्या काही सीड्यांवर सेफडिस्कसारखं नक्कल रोखणारं कुलूप असतं. विंडोज 10 त्याचा ड्रायव्हर चालवतच नाही, त्यामुळे अस्सल सीडी घालूनही गेम उघडत नाही. तिथे इमेजच्या खटपटीत वेळ घालवू नका, पुन्हा विकत मिळतो का बघा. सीडी आधीच खराब झाली असेल तरी हाच रस्ता. क्वेकची 2021ची नवी आवृत्ती संगीतासकट येते. त्याआधी स्टीम या ऑनलाइन दुकानात विकली जाणारी तशी नव्हती.

ड्राइव्ह परत देण्याआधी मात्र इमेज डॉसबॉक्सला लावा आणि दहाही ट्रॅक वाजवून बघा. अकराव्यापर्यंत.