कोहिरर की गॅलिना?

बिनतारी संदेश पकडायच्या सुरुवातीच्या साधनांपैकी ही दोन. 1890 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर ब्रानली यांनी दाखवलं की काचेच्या नळीतल्या धातूच्या सुट्या किसातून एरवी वीज जवळजवळ जात नाही, पण जवळपास विजेची ठिणगी पडली की तिच्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरीने कीस चिकटतो आणि वीज वाहू लागते. हाच कोहिरर. खरी अडचण पुढेच. लहर गेली तरी कीस चिकटलेलाच! प्रत्येक खुणेनंतर नळीला टिचकी मारून तो मोकळा करावा लागे. त्यासाठी विजेच्या घंटेतल्यासारखी इवलीशी हातोडी बसवत. मोर्सच्या टिंबरेघांना एवढं पुरे, पण माणसाच्या आवाजाला नाही. कोहिररला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ कळतं.

गॅलिना म्हणजे शिशाचं चकचकीत खनिज. त्यावर आधारलेल्या, लहरी पकडणाऱ्या साधनाचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना 1904 मध्ये मिळालं. स्फटिकावर तारेचं टोक टेकवलं की वीज एका दिशेने सहज जाते, उलट फारशी नाही. त्यामुळे लहरीवरचा आवाजाचा चढउतार हेडफोनपर्यंत पोचतो, तोही बॅटरीशिवाय. माझा कौल अर्थातच गॅलिनाला. फक्त टोक टेकवायची नेमकी जागा चाचपडत शोधावी लागते, आणि टेबलाला जरा धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.