हळू पळ म्हणणारं घड्याळ: २२ महिन्यांच्या वापरानंतर

खोक्यातून काढल्यावर चार दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू मी भरपूर वाचले होते. पडदा किती उजळ, पट्टा किती मऊ, वजन किती कमी. हे घड्याळ बांधून माणूस पळायला लागतो का, आणि लागलाच तर टिकतो का, ते मात्र कुणीच लिहीत नव्हतं. चार दिवसांत कळणार तरी कसं? म्हणून मी २२ महिने थांबले. एवढ्या काळात या घड्याळात साधारण २,१०० किलोमीटर जमा झाले, तीन जोड बूट झिजले आणि तीन हाफ मॅरेथॉन (प्रत्येकी २१.१ किलोमीटर) झाल्या.

मॉडेल मधल्या फळीतलं आहे: जीपीएस, मनगटावर नाडी मोजणारा सेन्सर, पाच बटणं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली सांगितलेले बहुतेक गुणदोष या वर्गातल्या सगळ्याच घड्याळांत थोड्याफार फरकाने सापडतील.

आधी माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळेत शर्यतीच्या दिवशी जिचं हटकून पोट दुखायचं, ती मी. वय ४३. रक्तदाब काठावर आल्यावर डॉक्टरांनी ‘रोज काहीतरी करा’ म्हटलं, आणि धाकट्या भावाने माझ्या वतीने ठरवून टाकलं. ‘ताई, हे बांध आणि बाहेर पड. बाकी काही विचार करू नकोस.’ पहिले तीन आठवडे मी त्यात फक्त वेळ बघितली.

सुरुवात केली ती ‘काउच टू फाइव्ह के’ या नऊ आठवड्यांच्या आराखड्यावर. जॉश क्लार्क नावाच्या धावपटूने तो १९९६ साली लोकांपुढे ठेवला. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद जॉगिंग, ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं. ऐकायला हास्यास्पद सोपं. तिसऱ्या फेरीला माझी बोलती बंद. इथे घड्याळ खरंच उपयोगी पडलं: ही सगळी वेळापत्रकं त्यात आधी भरून ठेवता येतात आणि पळ म्हणायला, थांब म्हणायला ते मनगटावर थरथरतं. सेकंद मोजत बसावं लागत नाही. पाचव्या आठवड्याच्या शेवटी मध्ये न चालता सलग २० मिनिटं पळायचं असतं. त्या एका दिवसापाशी मी तीन आठवडे अडकले. नऊ आठवड्यांचे १३ झाले. पण पाच किलोमीटर झाले, ४४ मिनिटांत.

आता खरा मुद्दा, नाडीचा. मला या घड्याळाबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

मनगटावरचा सेन्सर त्वचेत हिरवा प्रकाश सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. बसल्या जागी हे छान चालतं. पळताना मात्र हात हलतो, पट्टा हलतो, घाम येतो, आणि सेन्सर कधी कधी हृदय सोडून पावलांचा ताल पकडतो. माझी पावलं मिनिटाला १६५च्या आसपास पडतात. पहिल्याच किलोमीटरला, अगदी निवांत पळताना, नाडी १६५ दिसू लागली की मी घाबरून थांबायचे. दोन महिने मी स्वतःला हृदयरोगी समजत होते! पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट बांधला तेव्हा बराच फरक पडला. तरी थंडीच्या सकाळी त्वचेतला रक्तपुरवठा कमी होतो, तेव्हा पहिली दहा मिनिटं आकडा काहीही दाखवतो. शेवटी छातीचा पट्टा घेतला. तो हृदयाचे विद्युत संकेत वाचतो, त्यामुळे हातवाऱ्यांशी त्याला देणंघेणं नाही. इंटर्व्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटूनपालटून पळणं, करणार असाल तर तो हवाच. मनगटाचा आकडा चढउतारांच्या मागे रेंगाळतो.

दुसरी गडबड ‘झोन’ची, म्हणजे किती जोराला नाडी कुठून कुठपर्यंत असावी त्या टप्प्यांची. घड्याळाने माझं वय घेतलं, २२० मधून ४३ वजा केले आणि जाहीर केलं की माझी कमाल नाडी १७७. त्याच्या ६० ते ७० टक्के म्हणजे १०६ ते १२४, आणि हाच म्हणे माझा आरामाचा झोन. अहो, मी भराभर चालले तरी ११५ होते! १२४च्या खाली पळायचं तर पळणं शक्यच नव्हतं. आठवडाभर मी कसल्याशा विचित्र फेंगड्या चालीने फिरत होते आणि मागून येणारे आजोबा मला ओलांडून जात होते.

२२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत कमाल नाडीचा १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सामान्य आहे. सातव्या महिन्यात दहा किलोमीटरच्या शर्यतीत शेवटच्या चढावर जीव खाऊन पळाले, तेव्हा छातीच्या पट्ट्यावर १८९ दिसलं. मग सेटिंगमध्ये जाऊन हिशोबाची पद्धत बदलली. सकाळी उठल्याउठल्याची नाडी तेव्हा ६४ होती. १८९ मधून ६४ गेले, उरले १२५. त्याचे ६० ते ७० टक्के काढून त्यात परत ६४ मिळवायचे. आला झोन १३९ ते १५१. एका मिनिटाचं काम आहे. त्याने माझं पळणं बदललं, आणि पुस्तिकेत ते अगदी शेवटी, बारीक अक्षरांत आहे.

कारण तेव्हा कळलं की मी इतके महिने रोज शर्यतच पळत होते. नवशिका माणूस हमखास हेच करतो: प्रत्येक रन मध्यम जोरात, धाप लागेल असा, आणि वर ‘मला पळणं जमत नाही’ हा निष्कर्ष. १५१ची मर्यादा लावली आणि पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, साडेआठ मिनिटांवर आला. लाज वाटली. पण पूर्ण वाक्य बोलता येत होतं, घरी आल्यावर पलंगावर पडावं लागत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तयार असायचे. चार महिन्यांनी त्याच १५१मध्ये पेस साडेसातवर आला. मी काहीही जादा जोर लावला नव्हता. हा आलेख बघितला तेव्हा हे घड्याळ मला पहिल्यांदा आवडलं.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, त्यात घड्याळाचा वाटा मोठा. त्यात सलग दिवसांची साखळी असते, पदकं असतात, ‘आज अजून हालचाल बाकी आहे’ अशी कुजकट आठवण असते. २३ दिवसांची साखळी तुटू नये म्हणून मी विश्रांतीच्या दिवशीही बाहेर पडले. धाप कमी होते म्हणून आपण पळत सुटतो, पण हाडं आणि स्नायूबंध दमापेक्षा फार सावकाश तयार होतात. ते घड्याळाला दिसत नाही. फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे पळणं बंद करून पोटऱ्यांचे व्यायाम दिले. मी ते सगळे बॅज आणि आठवणी बंद करून टाकल्या. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

‘प्रशिक्षणाची स्थिती’ नावाचा रकाना तर मी आता उघडतच नाही. आई आजारी असताना आठ रात्री जागून काढल्या, तरी कसेबसे दोन रन केले. त्यावर या यंत्राचा शेरा: ‘अनुत्पादक’. घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये फेकलं होतं. पाच दिवस तिथेच होतं.

जीपीएसचं सांगायचं तर मोकळ्या रस्त्यावर उत्तम. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि नकाशावर आपण लोकांच्या बैठकीच्या खोल्यांतून पळालेले दिसतो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमध्ये २५ फेऱ्या मारून बघितल्या; दहा किलोमीटरऐवजी १०.२८ दाखवले. निघण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट उभं राहून संकेत पक्का होऊ दिला तर बरंच सुधारतं.

या फरकाची किंमत पहिल्या हाफमध्ये मोजली. अधिकृत मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून, वळणांची सगळ्यात जवळची रेघ धरून मोजतात, आणि कमी भरू नये म्हणून हजारात एक मीटर वरून जोडतात. आपण ती रेघ धरत नाही. गर्दीतून डावीकडे-उजवीकडे होत, पाण्याच्या टेबलाकडे वळत पळतो. त्यात जीपीएसची भर. ठरवलेला पेस ७:२० होता, गर्दीच्या भरात पहिले पाच किलोमीटर ६:४५ने गेले आणि नाडी १७१. सोळाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. उरलेलं चालत, लंगडत, स्वतःला शिव्या घालत. अशात घड्याळ थरथरलं, फटाक्यांचं चित्र आलं: २१.१ किलोमीटर, अभिनंदन! समोर बघते तर फिनिशची कमान अजून वळणापलीकडे. शेवटची ती ३२० मीटर मला आधीच्या २१ किलोमीटरपेक्षा लांब वाटली. वेळ २ तास ४१ मिनिटं. घड्याळाचं भाकीत होतं २ तास २४.

दुसऱ्या हाफला, सोळाव्या महिन्यात, दोन बदल केले. घड्याळाने जीपीएसवरून आपोआप किलोमीटर मोजणं बंद ठेवून रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबलं, आणि पंधराव्या किलोमीटरपर्यंत नाडी १५८च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. सुरुवातीला अख्खी गर्दी पुढे निघून गेली, ते बघणं अवघड होतं. अठराव्यानंतर त्यातले बरेच परत भेटले. २ तास २९.

तिसरीला पडद्यावर कापडी चिकटपट्टी लावली. भावाला वाटलं घड्याळ फुटलं. मला फक्त बघायचं होतं की १५१ म्हणजे काय, १६० म्हणजे काय, हे आता श्वासावरून कळतं का. कळलं. घरी येऊन पट्टी काढली: सरासरी नाडी १६१, वेळ २ तास १८, शेवटचे पाच किलोमीटर सगळ्यात वेगवान.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात: काच शाबूत आहे. बॅटरी आधी नऊ दिवस जायची, आता सहा. डावीकडचं खालचं बटण घामाच्या मिठाने अडकतं, साध्या पाण्याखाली धरून दहा-बारा वेळा दाबलं की सुटतं. पट्ट्याखाली पुरळ आलं होतं, ते पट्टा रोज धुवून वाळवायला लागल्यावर गेलं. झोपेचे गुण मी बघत नाही. कसं झोपले ते मला माहीत असतं.

घ्यावं का? पहिले तीन महिने साध्या टायमरवर भागेल, खरंच. नियमित पळायला लागलात, रोज दमून घरी येत असाल आणि वेळ तीच राहत असेल, तर घ्या, सोबत छातीचा पट्टाही घ्या आणि पळायला निघण्याआधी कमाल नाडी दुरुस्त करा. माझ्या पट्ट्याचा सेल काल संपला. रविवारी १६ किलोमीटर आहेत, त्याआधी नवा आणायचा की यावेळीही चिकटपट्टी लावायची, हे अजून ठरलेलं नाही.